खंडोबाचा किडा पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी याला प्रार्थना कीटक म्हणतो, कोणी मँटिस, तर काही भागांत तो खंडोबाचा किडा. नाकतोड्याशी त्याची गल्लत नेहमी होते. नाकतोडा पाला खातो आणि मागच्या पायांनी उड्या मारतो. हा शिकारी आहे, पुढचे काटेरी पाय दुमडून तासन् तास एका जागी बसतो. पाळायला सोपा, जागा कमी लागते, आवाज नाही, वास नाही. मरतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: कात टाकताना खाली पडून, नाहीतर घरातल्या डासांच्या औषधाने. म्हणून खाली या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

मापे आणि आकडे आपल्याकडच्या हायरोड्युला या मोठ्या हिरव्या मँटिससाठी आहेत. दुसरी जात असेल तर शरीराच्या लांबीच्या प्रमाणात बदल करा.

पहिल्यांदा पाळायला कोणती जात घ्यावी?

हायरोड्युलाच. पूर्ण वाढलेली मादी साधारण ७ ते ८ सेंमी भरते. बागेत, कुंपणाच्या मेंदीवर, पेरूच्या झाडावर सापडते, समोर येईल ते खाते आणि नवशिक्याच्या चुका बऱ्यापैकी सोसते. फुलांवर बसणारा छोटा क्रिओब्रोटर, ज्याच्या पंखांवर डोळ्यासारखी नक्षी असते, तोही चालतो. मात्र त्याची पिल्ले इतकी बारीक असतात की चिलटांचा पुरवठा अखंड लागतो. वाळक्या पानासारखा दिसणारा गाँजिलस, म्हणजे व्हायोलिन मँटिस, दिसायला राजबिंडा. पण त्याला ऊब जास्त लागते आणि खायला जवळजवळ उडणारेच किडे हवेत. तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पाळा.

कुठून आणायचा? कायद्याची अडचण आहे का?

आपल्या किंवा ओळखीच्यांच्या बागेतून, शेताच्या बांधावरून. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर, ते जास्त दिसतात. शक्यतो पंख न फुटलेले, दोन ते चार सेंमीचे पिल्लू घ्या. पंख आलेला मँटिस म्हणजे आयुष्याचा उतार सुरू झालेला प्राणी. दिव्यावर येऊन पडलेले तर बहुधा नर असतात, त्यांचे थोडेच आठवडे उरलेले असतात.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून, मग ते बोरिवलीचे असो, ताडोबा असो की गोव्यातले मोले, काहीही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे मनाई आहे आणि किडाही त्यातून सुटत नाही. परदेशी जाती, उदाहरणार्थ आग्नेय आशियातला गुलाबी-पांढरा ऑर्किड मँटिस, टपालाने मागवण्याच्या फंदात पडू नका. जिवंत कीटक परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत.

तो विषारी आहे का? चावतो का?

विष नाही, नांगी नाही. घाबरला तर पंख फुलवून, पुढचे पाय पसरून अंगावर आल्यासारखे करतो. मुठीत दाबला तर पुढच्या पायांचे काटे रुततात आणि एखादा रक्ताचा ठिपका येतो. साबणाने हात धुतले की झाले.

घर कसले आणि केवढे हवे?

उंचीला किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट, रुंदीला दुप्पट. मोठ्या हायरोड्युलासाठी ३० सेंमी उंच आणि २० सेंमी रुंद जागा उत्तम. माशांची आडवी काचटाकी यासाठी निरुपयोगी; उभी करून ठेवली तर चालेल.

स्वस्तातला आणि चांगला उपाय म्हणजे फरसाण-बिस्किटांची ५ लिटरची पारदर्शक प्लास्टिक बरणी:

१. झाकणाचा मधला भाग कापून काढा, कडेचे आट्यांचे वर्तुळ ठेवा.
२. त्यावर मच्छरदाणीचे कापड ग्लू गनने चिकटवा. मच्छरदाणी साधी हवी, औषध लावलेली नको. लोखंडी जाळी वापरू नका. तिच्यात पायांची टोके अडकून तुटतात.
३. बरणीच्या पोटाला ३ सेंमीचे भोक पाडून त्यात स्पंजचा बोळा बसवा. भक्ष्य इथून सोडायचे. छतावर लटकलेला असताना झाकण उघडण्याची वेळ येता कामा नये.
४. हवा खेळण्यासाठी खालच्या बाजूला तापलेल्या सुईने पंधरा-वीस भोके पाडा.
५. तळाला टिश्यू पेपरचे दोन पदर. एक-दोन खडबडीत काड्या तिरप्या लावा, पण वरची अर्धी जागा मोकळी सोडा. काडीवर आपटल्यानेही कात फसते.
६. आतल्या एका बाजूने जाळीची पट्टी तळापासून छतापर्यंत लावा. खाली पडलेल्या मँटिसला गुळगुळीत प्लास्टिकवरून वर चढता येत नाही.

बारीक पिल्लांना एवढे मोठे घर देऊ नका, त्यांना भक्ष्यच सापडत नाही. एक सेंमीच्या पिल्लाला २५० मिलिलिटरचा प्लास्टिक ग्लास आणि वर रबरबँडने मलमल, एवढे पुरे.

दोघांना एकत्र ठेवता येईल का?

नाही. एक उरेल.

तापमान, दमटपणा आणि पाणी यांचे काय?

२४ ते ३० अंश सेल्सिअस. म्हणजे महाराष्ट्रात बहुतेक महिने वेगळे काही करावे लागत नाही. पुणे-नाशिककडे थंडीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा बरणी स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवा. खाणे आणि वाढ मंदावेल, घाबरू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटी काळजी: घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत. कूलरची हवा खोलीत असू द्या, थेट बरणीवर नको. थेट ऊन कुठल्याच ऋतूत नको. बंद बरणी पंधरा मिनिटांत भट्टी होते.

तो वाटीतले पाणी सहसा पीत नाही, थेंब पितो. दिवसातून एकदा, संध्याकाळी, बरणीच्या एका बाजूला बारीक फवारा मारा. दोन-तीन तासांत थेंब सुकले पाहिजेत. सकाळपर्यंत ओल राहत असेल तर हवा कमी पडते आहे. कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर एक दिवसाआड चार थेंब दिले तरी खूप झाले. तिथे कोरडेपणापेक्षा बुरशीची भीती जास्त. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दोनदा फवारा. स्प्रे बाटली नवी घ्या. झाडांच्या औषधाची बाटली दहा वेळा धुतली तरी नको.

घरात डासांचे लिक्विड मशीन लावतो. चालेल?

चालणार नाही. लिक्विड मशीन, कॉइल, अगरबत्तीसारखी डासांची कांडी, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू: ही सगळी कीटकांना मारण्यासाठीच बनलेली आहेत आणि मँटिस कीटक आहे. विषबाधा झालेला किडा थरथरतो, पाय झटकतो, छतावरून पडतो, उताणा होतो. यावर इलाज नाही. फार तर लगेच मोकळ्या हवेत नेऊन पाण्याचा थेंब द्या.

डासांसाठी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळ्या वापरा. सोसायटीत धुराची फवारणी होणार असेल त्या दिवशी खिडक्या लावून बरणी आतल्या खोलीत न्या. कुत्र्याला गोचिडांचे औषध लावले असेल तर त्याच हातांनी बरणी उघडू नका. बरणीत ठेवायची फांदी नर्सरीतून आणू नका. तिच्यावर काय मारले आहे ते नर्सरीवालाही सांगू शकत नाही.

खायला काय आणि किती?

जिवंत किडे. हालचाल दिसल्याशिवाय तो झडप घालत नाही. भक्ष्य त्याच्या शरीराच्या लांबीच्या निम्म्याहून लहान असावे.

पहिल्या तीन कातींपर्यंत चिलटे, रोज चार-पाच. मग लहान रातकिडे, घरमाशीच्या आकाराच्या माश्या, छोटे पतंग, एक दिवसाआड. मोठ्या मादीला दोन-तीन दिवसांनी एक रातकिडा किंवा नाकतोडा, नराला तीन-चार दिवसांनी. दिवस मोजण्यापेक्षा पोट पाहणे बरे. पोट चपटे, कागदासारखे झाले की द्या. फुगून टम्म असेल तर थांबा. भरल्या पोटाचा मँटिस उंचावरून पडला तर पोट फुटते.

मोठ्या शहरांत अरोवाना माशांसाठी जिवंत मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) विकणारी दुकाने आहेत. ते अधूनमधून द्या, चिमट्यात धरून, डोके चिरडून; मोकळे सोडले तर टिश्यूखाली शिरून बसतात. रातकिडे दुकानातून आणले की एक दिवस गाजर-बटाट्याच्या कापांवर ठेवा, मग द्या. जे पोटभर खाल्लेले नाही ते खाऊन मँटिसला काय मिळणार?

हे देऊ नका: घरातली झुरळे (औषध खाल्लेली असू शकतात), उकिरड्यावरच्या माश्या, मुंग्या, केसाळ सुरवंट, वास सोडणारे ढेकण्यासारखे किडे. रुईच्या झाडावरचे निळे-पिवळे रंगीत टोळ तर मुळीच नको. रुईच्या चिकातले विष त्यांच्या अंगात साठलेले असते.

चिलटे घरी कशी वाढवायची?

अर्धा लिटरच्या बरणीत एक काळपट पिकलेले केळे कुस्करा. सुपारीएवढा गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर कोरडे यीस्ट मिसळा. व्हिनेगर बुरशी रोखते. थर दोन सेंमीचा, त्यात चुरगाळलेला जाड कागद उभा खोचा. अळ्या कोष करायला त्यावर चढतात. बरणी एक-दोन दिवस ओट्याजवळ उघडी ठेवा. दहा-पंधरा चिलटे आत गेली की तोंडाला सुती कापड बांधा. २५ अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. दर आठवड्याला एक नवी बरणी लावली की तुटवडा येत नाही. एकाच बरणीवर विसंबलात की नेमकी तीच बुरशीने जाते.

चिलटे उडून घरभर होतात ही नेहमीची तक्रार. काढण्याआधी बरणी तीन-चार मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. गारठून सुस्त झाली की झटकून पिल्लाच्या ग्लासात घाला.

दोन दिवस झाले, खात नाही. आजारी आहे का?

बहुधा कात जवळ आली आहे. मोठ्या पिल्लांमध्ये हा उपास आठवडाभरही चालतो. अंग दुधाळ, निस्तेज दिसते, पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगतात, किडा छत सोडत नाही. अशा वेळी आत रातकिडा असेल तर तो आधी बाहेर काढा. कात टाकताना मँटिस हलू शकत नाही आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडतो.

कात टाकताना नेमके काय होते आणि आपण काय करायचे?

किडा मागच्या चार पायांनी छताच्या जाळीला उलटा लटकतो. पाठीवरची कातडी मानेमागे उलते आणि त्या फटीतून डोके, मग पुढचे पाय, मग बाकीचे अंग गुरुत्वाकर्षणाने हळूहळू खाली घसरत येते. शेवटी तो पोटाच्या टोकाने जुन्या कातेला लटकत राहतो, पाय थोडे कडक झाले की वर वळून कातेला किंवा जाळीला धरतो. बाहेर पडायला साधारण पंधरा ते तीस मिनिटे लागतात, अंग कडक व्हायला अनेक तास. नवी लांबी जुन्या लांबीच्या खाली मोकळी लटकायला हवी. घर तिप्पट उंच का, याचे उत्तर हे. तळाला टेकला की पाय वाकडे होतात आणि तसेच कडक होतात.

आपण काय करायचे? काहीच नाही. बरणी हलवायची नाही, झाकण उघडायचे नाही, फोटोसाठी टॉर्च मारायचा नाही. लक्षणे दिसली त्या संध्याकाळी हलका फवारा मारून ठेवा, तेवढे पुरे. कोरड्या हवेत कातडी अंगाला चिकटते. कात झाल्यावर लहान पिल्लांना एक दिवस, मोठ्यांना दोन-तीन दिवस खायला देऊ नका. जबडे आणि काटे मऊ असतात.

शेवटच्या कातीत पंख येतात. आधी चुरगळलेल्या कागदासारखे दिसतात, मग तासा-दीड तासात पसरतात. त्यानंतर कात नाही, वाढ नाही.

कात अडकली किंवा पडून पाय वाकला. आता?

पाय किंवा मिशी अडकली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ रंगाच्या ब्रशने ती जागा ओली करत राहा. अर्ध्या तासानेही सुटली नाही तर नखाएवढ्या कात्रीने फक्त मोकळी कातडी कापा, ओढू नका. नुकताच पडला असेल आणि अंग मऊ असेल तर कातीच्या टोकाला टाचणी लावून पुन्हा उलटा लटकवून पाहा. यश क्वचितच येते, पण प्रयत्नाला अर्थ आहे.

चालायचा एखादा पाय गेला तर पुढच्या कातींमध्ये तो परत येतो, आधी बारीक, मग जवळजवळ पूर्ण. पंख आलेल्याला मात्र परत येत नाही. पंख वाकडे राहिले तर काही बिघडत नाही. पुढचे दोन्ही पाय निकामी असतील तर चिमट्याने तोंडाशी भक्ष्य धरून भरवावे लागते. जबडेच बंद राहिले असतील तर त्याला उपाशी मरू देण्यापेक्षा छोट्या डबीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवणे दयेचे.

नर की मादी, कसे ओळखायचे?

चौथ्या-पाचव्या कातीनंतर पोटाची खालची बाजू पाहा. मादीला सहा खंड दिसतात, शेवटचा मोठा. नराला आठ, शेवटचे बारीक. बरणीच्या काचेतून मोबाइलने फोटो काढून मोठा करून मोजणे सर्वांत सोपे. पूर्ण वाढलेला नर सडपातळ, लांब मिशांचा, पंख पोटापलीकडे गेलेला.

रात्री डोळे काळे होतात. आंधळा झाला का?

नाही. अंधारात जास्त उजेड घेण्यासाठी डोळ्यांतले रंगद्रव्य सरकते, सकाळी डोळे पुन्हा हिरवे. आणि तुमच्याकडे रोखून पाहणारा तो काळा ठिपका बाहुली नव्हे. समोरून पाहताना डोळ्यातल्या ज्या नेत्रिकांमध्ये, म्हणजे बारीक भिंगांमध्ये, आपली नजर सरळ आत जाते, त्या काळ्या दिसतात, म्हणून तो तुमच्याबरोबर फिरतो.

दिवसाही न जाणारा तपकिरी डाग मात्र वेगळा. काचेतून बाहेर जाण्यासाठी डोळे घासल्याने तो पडतो. आतल्या बाजूने जाळी किंवा पाने लावा. पुढच्या कातीत तो बरेचदा जातो.

तोंडातून काळे पाणी आले.

एकदाच, तपकिरी, खाल्ल्यानंतर: विशेष नाही. काळे, दुर्गंधीचे आणि पुन्हा पुन्हा: खराब भक्ष्य किंवा कुबट बरणी. बरणी साबणाने धुऊन वाळवा, टिश्यू बदला, दोन दिवस उपास आणि पाणी. मग बोटभर पाण्यात मधाचा थेंब कालवून काडीने तोंडाला लावा. पुढचे भक्ष्य दुसरीकडून आणा.

पोटातून काळा दोऱ्यासारखा जंत बाहेर आला!

बाहेरून पकडलेल्यांत हे होते. हा केसजंत, ज्या किड्याच्या अंगात त्याची अळी असते तो किडा खाल्ल्याने तो मँटिसमध्ये शिरतो, आत वाढतो आणि पाण्याचा स्पर्श झाला की बाहेर पडतो. माणसाला त्याचा धोका नाही. मँटिस मात्र बहुधा वाचत नाही.

हातावर घ्यायचा कसा?

वरून पकडू नका. हात समोर आडवा धरा, दुसऱ्या हाताच्या बोटाने मागून हलकेच टोचा, तो स्वतःच चढतो. आधी पंखा बंद करा. नर अचानक उडतात आणि पंख्यात जातात. मुलांच्या हातात द्यायचा तर मुलाला जमिनीवर बसवून. बाहेर मोकळा सोडून विसरलात तर पाल आहेच.

मुंग्या कशा टाळायच्या?

पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तेच करा: ताटात पाणी, मध्ये उपडी वाटी, वाटीवर बरणी. बरणी भिंतीला टेकू देऊ नका. शिकारीचे उरलेले पाय-पंख रोज उचला, मुंग्या त्यांच्याच वासाने येतात. कात टाकणारा मँटिस मुंग्यांना सापडला तर सकाळी नुसते कवच उरते.

चार दिवस गावी जायचे आहे.

मोठा मँटिस पोटभर खाऊन आठवडाभर राहतो, फक्त पाण्यासाठी ओला स्पंजचा तुकडा जाळीवर ठेवा. बारीक पिल्लांना दोन दिवसांपेक्षा जास्त सोडू नका. शेजारी द्या किंवा ग्लास बरोबर न्या. रिकाम्या घरात भक्ष्य भरून ठेवून जाणे ही सर्वांत वाईट युक्ती.

मादी नराला खातेच का?

नेहमी नाही. भुकेली असेल तर शक्यता जास्त. पंख आल्यावर नराला दोन आठवडे, मादीला तीन-चार आठवडे जाऊ द्या. मादीला दोन दिवस भरपूर खायला घाला, तिच्या तोंडात भक्ष्य असतानाच नराला तिच्या मागे, हातभर अंतरावर, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात किंवा पडद्यावर सोडा. जुळल्यावर कित्येक तास तसेच राहतात. वेगळे झाले की नराला लगेच उचला.

नर नसला तरी मादी अंडी घालते. आपल्या हायरोड्युलाची अशी अंडी फळत नाहीत.

अंडपेटी घातली. पुढे?

फेसाची तपकिरी, वाळून स्पंजसारखी घट्ट झालेली वडी म्हणजे अंडपेटी. ती काडीसकट, घातली त्याच दिशेने, दुसऱ्या बरणीत लटकवा. दोन दिवसांआड हलका फवारा. ऊबदार हवेत चार ते सात आठवड्यांत पिल्ले धाग्याला लोंबकळत बाहेर येतात, बहुधा सकाळी, सगळी एकदम, शंभरावर. पेटीच्या बाजूला बारीक गोल भोके दिसली आणि लांब शेपटीच्या इवल्या गांधीलमाश्या निघाल्या, तर पोडाग्रिऑन या परजीवीने अंडी खाल्ली.

शंभर पिल्ले कोणी वाढवू शकत नाही. दहा-पंधरा ठेवा आणि बाकीची, आई जिथे सापडली त्याच बागेत वेगवेगळ्या झुडपांवर सोडा. हे फक्त स्थानिक जातीबाबत.

आम्ही परदेशात राहतो. तिथे चालतो का?

देशागणिक नियम वेगळे. जर्मनीत मँटिस रिलिजिओसा ही जंगलात आढळणारी जात संरक्षित आहे, तिला पकडता येत नाही. पैदास केलेल्या इतर जाती मात्र तिथे सर्रास पाळतात. अमेरिकेत मँटिस मारल्यास दंड होतो ही ऐकीव गोष्ट खोटी आहे. भारतातून अंडपेटी सामानात घालून नेऊ नका.

पायांची टोके गळायला लागली, छतावरून पडतो.

म्हातारपण. पंख आल्यानंतर मादी साधारण चार ते सहा महिने जगते, नर दोन-तीन. अंगावर काळे डाग पडतात, पकड सुटते, नेम चुकतो. आता बरणी बुटकी करा, तळाला टिश्यूचे चार-पाच पदर घाला, भक्ष्य चिमट्याने तोंडाशी न्या आणि पाणी ड्रॉपरने द्या. खाणे थांबले तरी पाणी शेवटपर्यंत घेतो.